पांढरी राहिलेली गाळणी

९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न., आणि त्यापाठोपाठ वि. वि. अशी की तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकूण सात ओळी. त्यांतल्या चार ओळींत मी मूर्ख आहे, दोन ओळींत मी निर्दय आहे आणि एका ओळीत तुझ्याकडे थंडी बरी आहे. थंडीची बातमी वाचून समाधान झालं.

नानांना पाइप पाठवला म्हणून तू तापलीस, पण पाइप कसा आहे हे विचारलं नाहीस. विचारणारही नाहीस, म्हणून मीच सांगतो.

इथे पाइपच्या कारखान्यात या टेबलावर माझ्याआधी जे बसले त्यांनी फिल्टर म्हणून कागदाची घट्ट गुंडाळी नळीत कोंबली आणि ते घरी गेले. तंबाखूच्या वाटीतला विस्तव त्या कागदापासून दोन बोटांवर. दहाव्या झुरक्याला कागद करपतो आणि ओढणाऱ्याला तंबाखूऐवजी जळक्या वहीची चव येते. मग गिऱ्हाईक फिल्टर काढून फेकतं आणि तसाच धूर ओढतं. वीस वर्षं हा प्रकार चालू होता आणि कारखान्यात एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. इथली डोकी तू पाहिली असतीस तर तुला नवल वाटलं नसतं.

मी काय केलं, तर फिल्टर पितळेच्या पातळ नळकांड्यात बसवला. नळकांड्याला दोन्ही टोकांना तीन-तीन बारीक पाय आहेत, त्यांवर ते पाइपच्या नळीत उभं राहतं. बाकी कुठेच टेकत नाही. भोवती सगळीकडून हवेची पोकळी, त्यामुळे उष्णता आत जात नाही. आणि पुढे, वाटीच्या बाजूला, भाजलेल्या मातीची छोटी टोपी. गरम धूर तिच्यावर आदळतो, थंड होतो, वळसा घालतो आणि मग फिल्टरमध्ये शिरतो. झुरके ओढणाऱ्या यंत्रावर लावून मिनिटाला एक असे साठ घेतले. फिल्टर बाहेर काढला तर पांढराशुभ्र. मालक स्वतः खाली येऊन बघून गेले. ते जिना उतरून खाली येत नाहीत कधी.

मी स्वतः ओढत नाही हे तुला माहीत आहे. आईला दिलेला शब्द या घरात एकट्याने पाळला तो मी.

राहिले नाना. चार वर्षं त्यांनी डॉक्टरच्या धाकाने पाइप सोडला आणि आगकाड्या चघळल्या. सुटला होता का मनातून? नव्हता. ज्याचं सुटत नाही त्याला निदान धोका नसलेलं द्यावं, एवढा साधा विचार. तुझं आयुष्य पाणी गाळायच्या वाळूच्या हौदातला गाळ खरवडण्यात जातं, तेव्हा तुला धुरातलं कळावं अशी माझी अपेक्षा नाही.

राग ओसरला की लिही. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा जपला तरी चालेल.

तुझा,
टिल्लू

१६ जानेवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद नेहमीचे, पण आज हात आखडता घेऊन.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नानांसाठी, दुसऱ्यांदा तुझ्या हस्ताक्षरासाठी. "पांढराशुभ्र" लिहिताना तू अक्षरांना शेपट्या काढल्यास. कॉलेजात असतानाही तू असाच, उत्तर चुकलेलं असलं की खाली दोन रेघा मारायचास.

रविवारी नानांकडे गेले होते. दोन तास बसमध्ये बसून. त्यांचा जिना तुला आठवतो ना, अठरा पायऱ्या. मी खालून भाजी घेऊन येत होते आणि ते माझ्या पुढे चढत होते. नवव्या पायरीवर थांबून त्यांनी भिंतीतला खिळा बघितला. तेराव्या पायरीवर थांबून कठडा बघितला. कठडा त्यांनीच कातलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा, त्यात बघण्यासारखं नवीन काय असणार? मला वाट करून द्यायची म्हणून बाजूला झाले, पण श्वास लपवता येत नाही. करवत गाठीत अडकल्यावर येतो तसा आवाज.

घरात शिरले तर तुझी भेट टेबलावर. खिडकीशी वर्तमानपत्र पसरून त्यावर वापरलेले फिल्टर ओळीने मांडलेले, कुणाचे तरी दात मांडून ठेवावेत तसे. चौदा होते. मला म्हणाले, बघ, आमच्या पोराने काय केलंय, एकावरही डाग नाही. मी विचारलं, चार दिवसांत चौदा? तर म्हणाले, धोका नसलेल्या गोष्टीची मोजदाद कोण करतं. हे वाक्य त्यांचं नाही. हे तुझं आहे. तुझी वाक्यं मी वासावरून ओळखते.

डॉक्टरने चार वर्षांपूर्वी मला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं ते तुला पत्राने कळवलं होतं. तू उत्तरात सहलीचे फोटो पाठवलेस. पुन्हा सांगते: छातीची एक बाजू जवळजवळ गेलेली आहे, दुसरी जपली तर पुष्कळ वर्षं पुरेल. जपली तर. हे दोन शब्द तुझ्या त्या पितळी नळकांड्यात बसत असतील तर बसव.

नानांना तू लिही की पाइप परत पाठवा. माझं ते ऐकत नाहीत. मी त्यांच्या लेखी गाळवाली.

थंडी वाढली आहे. स्वेटर धुऊन घाल. माया कमी केलेली नाही, लपवून ठेवली आहे.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

चि. टिल्लूस,

नानांचे अ. आ. पोचले असं समज आणि पुढे वाच.

तुझा पाइप उत्तम. आयुष्यभर मी तुझ्या हातचं काही चांगलं म्हटलं नाही, कारण तू हाताने कधी काही केलं नाहीस. तू काढतोस चित्रं. मी तुला बारा वर्षांचा असताना कातायला बसवलं होतं, तेव्हा तू भोवऱ्याचं लाटणं केलंस आणि लाटण्याची खुंटी. म्हणून म्हणतो, हे बघून बरं वाटलं. शेजारच्या शिंपिणीला दाखवला, खालच्या न्हाव्याला दाखवला. न्हाव्याने विचारलं, हे तुमच्या मुलाने केलं? मी हो म्हटलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याचा मुलगा आठ वर्षं न्हाव्याचीच कामं बिघडवतोय.

फिल्टरचे बोळे संपत आले. पन्नास पाठव. एकही काळा होत नाही, तुझ्या बहिणीच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेत. ती तोंड वाकडं करून बसली. तिचा सगळा जन्म चिखलात गेला, तिला पांढरं काही बघवत नाही. दर रविवारी येते, माझ्या छातीकडे असं बघते जसं काही ती तिच्या पाण्याची टाकी आहे. तिला समजव.

मी ठणठणीत. दम म्हणशील तर तो सगळ्यांनाच लागतो, जिना चढावर आहे.

घराकडे लक्ष असू दे, बोळ्यांकडे जास्त.

नाना

२७ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. घाल खिशात, आज मी भांडायला नाही, मिरवायला बसलोय.

सोबत नानांच्या पत्राची नक्कल पाठवतो. मूळ पत्र देणार नाही, ते मी जपून ठेवणार आहे. "बरं वाटलं" हे दोन शब्द त्या माणसाने कागदावर लिहिले, ताई. मला पदवी मिळाली तेव्हा त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू कोरी आहे का ते बघितलं होतं, हिशेबाला उपयोगी पडेल म्हणून. तेव्हा तू हसली होतीस. मीही हसलो होतो, पण मी हसत नव्हतो.

पन्नास फिल्टर पाठवले. मालकांनी ठरवलंय की खोक्यावर वापरलेल्या पांढऱ्या फिल्टरचं चित्र छापायचं, आणि आराखड्याच्या नोंदणीच्या अर्जावर माझं नाव घालायचं. इथे आजवर कुणाचं नाव घातलेलं नाही. माझ्या शेजारचा ड्राफ्ट्समन तेव्हापासून माझ्याकडचं खोडरबर मागत नाही, स्वतःचं आणतो. हे मी मोठं बक्षीस समजतो.

नाना खुशीत आहेत. तुझं दुखणं मला कळतं. सात वर्षं तू त्यांच्याकडे दर रविवारी गेलीस, भाजी नेलीस, औषधं नेलीस, आणि कौतुक झालं ते पोस्टाने आलेल्या पाइपचं. पण त्याला मी काय करू? तूही काहीतरी बनव. वाळूचं.

कृपा ठेव. नाही ठेवलीस तरी फिल्टर पांढराच राहील.

टिल्लू

३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद देते, कारण तुला त्यांची गरज पडणार आहे.

माझ्या दुखण्याबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. एकदाच कबूल करते, पुन्हा विचारू नकोस. आता माझ्या धंद्याचं सांगते. नाक मुरड, पण वाच.

आमच्याकडे वाळूचे सहा हौद आहेत. नदीचं पाणी वरून सोडायचं, वाळूतून ते झिरपतं, घाण वर राहते. काही दिवसांनी वाळूवर तपकिरी थर जमतो, पाणी हळू जायला लागतं. मग आम्ही थर खरवडतो. हाच तो गाळ, ज्यात माझा जन्म गेला. मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी चौथ्या हौदाचं मोठं कौतुक झालं. बाकीचे हौद आठवड्याला तुंबायचे, हा तीन आठवडे स्वच्छ. पाणी झरझर जायचं, वाळू धुतल्यासारखी. साहेबांनी पाहुण्यांना आणून दाखवला. आमच्या तेव्हाच्या मुकादमबाई म्हाताऱ्या होत्या, त्या पुढे झाल्या. बाही वर केली, वाकल्या आणि वाळू जिथे भिंतीला लागते तिथे बोट घातलं. मनगटापर्यंत हात आत गेला. वाळू भिंतीपासून सुटली होती. पाणी त्या फटीतून सरळ खाली जात होतं. वाळूला शिवतही नव्हतं. तीन आठवडे सगळ्या गावाने नदी प्यायली आणि आम्ही हौदाची वाहवा केली.

बाई मला एवढंच म्हणाल्या, की गाळणी मळली नाही तर आनंद मानायचा नसतो, पाणी कुठून गेलं ते शोधायचं असतं.

आता तुझं चित्र बघ. नळकांडं, भोवती पोकळी, दोन्ही टोकांना पाय, म्हणजे दोन्ही टोकं उघडी. पुढे टोपी, टोपीला वळसा. टिल्लू, वळसा घालून निघालेला धूर समोर मोकळा बोळ सोडून तुझ्या घट्ट कागदात डोकं कशाला घालेल? त्याला काय नोकरी टिकवायची आहे?

कागदाला उष्णता लागत नाही, बरोबर. त्याला धूरच लागत नाही. चार दिवसांत चौदा वेळा तंबाखू ओढून कागद पांढरा राहतो, आणि कॉलेजात शिकलेल्या माणसाला, त्याच्या जिना न उतरणाऱ्या मालकाला, सगळ्या कारखान्यातल्या एकालाही असं वाटत नाही की मग तो सगळा काळेपणा गेला कुठे? मी सांगते कुठे गेला. मी दर रविवारी ऐकते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एक कर. फिल्टर काढ, नळकांड्यात त्याच्या जागी मेण ओत. गच्च भर, सुई जाणार नाही असं. मग यंत्राला लाव. यंत्राला झुरका घेता आला नाही तर मी चूक. मी येऊन तुझी माफी मागीन, न्हाव्यासमोर मागीन. झुरका आला तर तू काय करायचं ते तुला कळेल.

मेण पुरतं घाल. मायाही पुरतीच पाठवते आहे.

ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

पाणी आणि धूर यांत फरक असतो. शाळेत शिकवतात. कारखान्यात मेण भरायला वेळ नाही, खोकी छापायला गेली आहेत.

टिल्लू

२ मार्च

ती. ताईस,

सा. न., आज पुरं लिहितो: साष्टांग नमस्कार.

तीन आठवडे लिहिलं नाही. पहिले दोन आठवडे मी मेण भरलं नाही. मेण माझ्या खणात होतं. रोज खण उघडून पेन्सिल काढायचो आणि मेण बाजूला सारायचो. आता मला कळतंय की ज्याला खात्री असते तो अर्ध्या तासात भरून मोकळा होतो.

गेल्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत भरलं. यंत्राने साठच्या साठ झुरके ओढले. एकही अडखळला नाही. मला वाटलं यंत्रच बिघडलं असेल, म्हणून पाइप पुसून मी स्वतःच्या तोंडाला लावला. तंबाखू नव्हती, विस्तव नव्हता, आईला दिलेला शब्द मोडला नाही. हवा ओढली. मेण भरलेल्या नळीतून हवा अशी आली जशी उघड्या खिडकीतून येते. दीड वर्ष मी ही वस्तू बनवत होतो आणि एकदाही तोंडाला लावली नव्हती. लावली असती तर पहिल्याच दिवशी ओठांना कळलं असतं. मला ओठ नव्हते, तक्ते होते.

मालकांकडे गेलो. मेणाचा पाइप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी हातही लावला नाही. म्हणाले, गिऱ्हाईक खोकं उघडतं, फिल्टर बघतं, तो पांढरा दिसला की खूश होतं. छाती उघडून कोण बघतो? मी म्हटलं, माझे वडील हाच ओढतात. ते म्हणाले, मग त्यांना सवलतीत देऊ. असा माणूस, ताई. दोन महिने मी याच्या जिना उतरण्याचं कौतुक करत होतो.

अर्जावरून माझं नाव काढा म्हणून लेखी दिलं. शेजारच्या ड्राफ्ट्समनने आपलं घातलं. मला आता पाइप साफ करायच्या तारांच्या विभागात बसवलंय. तारा बऱ्या आहेत, त्या काही कबूल करत नाहीत आणि काही नाकारत नाहीत.

पोकळीची दोन्ही टोकं बंद करून बघितली, पितळेच्या कड्यांनी. धूर कागदातून जातो, पण कडी तापतात आणि कागद करपतो. म्हणजे मी वीस वर्षांपूर्वीच्या त्या कोंबणाऱ्याच्या शेजारी येऊन बसलो आहे.

नानांना आज लिहितोय. ते पत्र तुझ्या पत्रापेक्षा सोपं जाईल असं वाटलं होतं. चार कागद फाडले.

माझ्यावर रागाव, पण अंतर देऊ नकोस.

टिल्लू

२ मार्च

ती. नानांस,

शि. सा. न. वि. वि.

मी पाठवलेला पाइप खोटा आहे. मुद्दाम केलेला नाही, पण खोटा आहे. धूर फिल्टरमधून जात नाही, बाजूच्या पोकळीतून सरळ तुमच्या छातीत जातो. फिल्टर पांढरा राहतो तो म्हणूनच. ताईने ओळखलं, मी ओळखलं नाही. तिने सांगितल्यावरही वीस दिवस मी ऐकलं नाही, आणि त्या वीस दिवसांत तुम्ही ओढत होतात.

कारण लिहितो, सबब म्हणून नाही. तुम्ही बरं वाटलं असं लिहिलं होतं. ते पत्र परत द्यावं लागेल म्हणून ताईने सांगितलेली मेण भरायची परीक्षा केली नाही.

कृपा करून पाइप ठेवून द्या. नवीन चांगला पाठवीन असं मी म्हणणार नाही, मला तो जमत नाही. तुमचं पत्र परत हवं असेल तर पाठवतो.

आपला आज्ञाधारक, उशिरा झालेला,
टिल्लू

१० मार्च

चि. टिल्लूस,

आशीर्वाद, या वेळी दोन्ही हातांनी.

तुझ्या मालकासाठी मी काही शब्द जमवले होते, पण ते लिहिले तर पोस्टमन बाटेल. खोकं उघडून पांढरा कागद बघणाऱ्या गिऱ्हाइकाचीही मला कीव येत नाही. तू नाव काढलंस ते बरं केलंस. तारांना माझा नमस्कार सांग.

रविवारी गेले होते. तुझं पत्र टेबलावर, चष्म्याखाली. मी विचारलं, वाचलंत का? म्हणाले, वाचता येतं मला. तुझी पितळी कडी तापतात हेही मी सांगितलं. मी पाइप मागितला. दिला नाही. म्हणाले, त्यात काम आहे. मग मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. लेथ चालू झाल्याचा आवाज आला. सहा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी बाहेर बसून वाटाणे सोलले आणि ऐकत राहिले: थोडा वेळ लेथ, मग खोकला, मग लेथ. दोन तासांत दोन-चारदा आत जावंसं वाटलं. गेले नाही. गेले असते तर पुन्हा मी गाळवाली.

बस चुकू नये म्हणून निघाले तेव्हाही दार बंदच होतं. बाहेरून सांगितलं, येते. आतून उत्तर आलं, ये. मला त्यांचं काही कळत नाही, टिल्लू. ते तुझ्यावर चिडलेत की तो पाइप दुरुस्त करून आणखी ओढणार आहेत? दुसरी गोष्ट खरी असेल तर मी पुढच्या रविवारी त्यांचं लेथ विकायला काढते, मग काय म्हणायचं ते म्हणोत.

तुला काही लिहिलं तर लगेच कळव. लगेच म्हणजे तुझ्या चालीने नव्हे.

जीव लागून आहे, एवढं पुरे.

ताई

१४ मार्च

चि. टिल्लूस,

अ. आ.

पत्र मिळालं. तू मला कळवतोस की धूर बोळ्यातून जात नाही. मला ते पहिल्या दिवशी पहिल्या झुरक्याला कळलं. चाळीस वर्षं लाकडाला भोकं पाडली, प्रत्येक भोक फुंकून बघितलं. भरलेल्या नळीतून हवा जड येते, मोकळ्या नळीतून हलकी. तुझा पाइप बासरीइतका हलका. तुम्ही दोघं मला समजता काय? एक शाळेत जाऊन आंधळा झाला, दुसरी चिखलात राहून डोळस झाली आणि आता घराला डोळस करायला निघाली.

मग ओढला का, असं तू विचारशील. ओढायचा होता म्हणून ओढला. चार वर्षं निमित्त शोधत होतो, ते तू पोस्टाने पाठवलंस. तुझं कौतुक केलं ते निमित्ताचं होतं. ते पत्र तू परत देऊ केलंस, पण त्यात काही नव्हतंच, तेव्हा ठेव किंवा फेक. तुझ्या बहिणीने काहीही म्हटलं तरी पांढरे बोळे दाखवले की तिचं तोंड बंद होई, एवढ्यासाठी मला ते हवे होते. हे वाचून तुला लागेल. लागू दे. तू मला खरं लिहिलंस, तर मीही लिहितो.

तुझं हे दुसरं पत्र वाचून मात्र वाटलं, पोराने मान खाली घालून चूक लिहिली आहे, तर ती वस्तू धड करून बघावी. तू पितळेची कडी घालून बघितलीस असं ताई म्हणाली. पितळ तापतं. लाकूड तापत नाही, सगळा पाइपच लाकडाचा आहे, एवढं कळायला कॉलेज लागत नाही. घट्ट दाण्याच्या लाकडाची दोन कडी कातली, अंगठीपेक्षा बारीक. एक पुढे, एक मागे. सवय मोडलेली, म्हणून तीन फुकट गेली. बसवली तेव्हा अशी बसली की पोकळीची फट नखाला लागेना. आता धुराला बोळ्यातूनच जावं लागणार. मातीची टोपी तशीच ठेवली, ती चांगली कल्पना आहे. ती तुझी आहे, म्हणून सांगतो.

तंबाखू भरली, पेटवली, झुरका घेतला. काही आलं नाही.

पुन्हा जोर लावला. गाल आत गेले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, वाटीतला विस्तव जागचा हलला नाही. म्हटलं, कडं चुकलं. काढून बघितलं, भोक स्वच्छ होतं. बोळा बदलला. तिसऱ्यांदाही तेच. खुर्चीत बसून राहिलो. मग शेजारच्या शिंपिणीला हाक मारली. विस्तव झाडून टाकला आणि तिला म्हटलं, यातून नुसती हवा येते का बघ. तिने रुमालाने टोक पुसलं, तोंडाला लावला आणि ओढली. सहज. बशीतून चहा ओढावा तशी. मला विचारते, यात बघायचं काय होतं? एकसष्ट वर्षांची बाई, दिवसभर मशीनवर वाकून बसते.

तेव्हा तुझा पाइप बरोबर आहे. आता त्यातून धूर गाळून येतो आणि कागद करपत नाही. ओढणारा कामाचा राहिलेला नाही. डॉक्टरने मला हे चार वर्षांपूर्वी कागदावर दोन फुगे काढून सांगितलं होतं. चित्र काढणाऱ्या माणसांवर माझा कधी विश्वास बसला नाही. लाकडाने सांगितलं तेव्हा पटलं.

तंबाखूचा डबा शिंपिणीकडे दिला, ती गरम कपड्यांत ठेवणार आहे, कसर लागू नये म्हणून. मी मागितला तर देऊ नकोस असं तिला बजावलंय. ती तशीही देणार नाही, कजाग आहे.

ताईला कळव की गुरुवारी त्या डॉक्टरकडे यायला मी तयार आहे. मी कळवणार नाही. ती "मी सांगत होते" असं म्हणेल, आणि ते खरं असल्यामुळे ऐकवणार नाही. तिला हेही कळव की पाण्याचं काम ती नीट करत असावी. वाक्य असंच लिही, वाढवू नकोस.

कड्यांचं माप मागाहून पाठवतो. तुझ्या मालकाला दाखवू नकोस, त्याची लायकी नाही.

सुट्टी मिळाली तर येऊन जा. आलास की घंटा एकदाच वाजव आणि थांब. खुर्चीपासून दारापर्यंत यायला मला हल्ली वेळ लागतो.

नाना